ऐंशीच्या घरातल्या रुग्णाला सेंट्रल लाइन: प्रोब खाली कधी ठेवायचा

सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी (कॅथेटर) घालणाऱ्या एका डॉक्टरचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ७८ वर्षांच्या आजी, वजन ४२ किलो, पाठीला बाक, रक्ताची गुठळी होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल चालू. लघवीच्या संसर्गातून सेप्टिक शॉक. उजव्या आयजेव्हीत (गळ्यातली मोठी शीर) अल्ट्रासाउंडचा प्रोब लावून दोनदा प्रयत्न झाला. पडद्यावर सुई शिरेच्या मधोमध पांढरी चमकत होती, तरी रक्त येईना. दुसऱ्या वेळी आले ते कॅरोटिडचे, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे. दाब देऊन थांबवले. आता पुढे कुठे जायचे (वरिष्ठांना बोलवावे का), आणि मशीन समोर असूनही असे का झाले?

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण त्यावर पहिले अवलंबून आहे. शिरेच्या मधोमध दिसलेला तो पांढरा ठिपका सुईचे टोक नव्हते, तो सुईचा दांडा होता. शॉर्ट अ‍ॅक्सिसमध्ये (शिरेला आडव्या कापात) प्रोब शरीराचा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा काप दाखवतो. सुईचा जो भाग त्या कापातून जातो तो ठिपक्यासारखा दिसतो. टोक असो, मधला भाग असो, ठिपका तोच. टोक केव्हाच शिरेच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडून सेंटीमीटरभर पुढे गेलेले असते आणि आपण पडद्याकडे बघून सुई बरोबर शिरेत आहे असे समजतो. तरुण माणसात ही चूक बऱ्याचदा खपून जाते, कारण शीर टम्म भरलेली असते आणि कॅरोटिड बाजूला असते. म्हाताऱ्या माणसात खपत नाही. शॉकमध्ये शीर चपटी होते, पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकते. त्वचेखालची चरबी आणि स्नायू झिजलेले असल्याने शिरेला आजूबाजूचा आधार नसतो, सुई लागली की ती आत दबते किंवा बाजूला सरकते. आणि वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने कॅरोटिड लांबून वेडीवाकडी झालेली असते, ती पुष्कळदा शिरेच्या शेजारी नसून थेट तिच्या मागे असते. म्हणजे मागची भिंत ओलांडली की पुढचा मुक्काम कॅरोटिड.

आता या आजींचे. लाइन घालायची म्हणून रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन अडवून ठेवू नका. कोपराच्या खोबणीत किंवा त्याच्या वर चांगली, मोठी शीर मिळाली असेल तर काही तास तिथून देता येते. दर तासाला जागा बघायची, सूज किंवा पांढरेपणा दिसला की लगेच बदलायची. एवढी सवड मिळाली की हाताची घाई कमी होते, आणि म्हाताऱ्या रुग्णांत निम्मे अपघात घाईने होतात असे माझे मत आहे. उजव्या गळ्यावर प्रोब ठेवून गाठ किती झाली आहे ते बघा. रक्त साचून शीर दाबली गेली असेल तर तिथे तिसरा प्रयत्न नको. डाव्या गळ्याकडे तर आज अजिबात वळू नका. दोन्ही बाजूंना रक्त साचले तर श्वासनलिका दाबली जाते, आणि क्लोपिडोग्रेलवरच्या माणसात ते हळूहळू, दोन-तीन तासांनी लक्षात येते. अशा वेळी मांडीतली फेमोरल, तीही अल्ट्रासाउंडखाली, हा आजच्या रात्रीसाठी रास्त मार्ग आहे. प्रकृती सावरली की दोन-तीन दिवसांत ती काढून टाकायची. वरिष्ठांना बोलवावे का, हे विचारले आहे. दोन प्रयत्न फसले की हात बदलायचा, हा नियम वयस्कर रुग्णासाठी तर पाळायलाच हवा.

पुढच्या वेळी गळ्यात जाल तेव्हा पाहणी आधी करा. हातमोजे, ड्रेप, काहीही करण्याआधी साध्या जेलने दोन्ही बाजू दोन मिनिटे बघायच्या. यात काय बघायचे ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण इथे फक्त 'शीर दिसली' एवढ्यावर थांबतात.

लिनियर प्रोब, खोली ३ सेंटीमीटर. कृश माणसात शिरेचा मध्य सव्वा सेंटीमीटरवर असतो, ५-६ सेंटीमीटर खोली ठेवली तर पडद्याचा वरचा चतुर्थांश भागच कामाचा उरतो. हलका दाब द्या. पूर्ण मिटली तर शीर मोकळी. मिटत नसेल तर आत गुठळी आहे असे धरा, जरी आतले काळेच दिसत असले तरी. ताजी गुठळी काळीच दिसते. पूर्वी डायलिसिस कॅथेटर, केमो पोर्ट किंवा अनेकदा आयसीयूत राहण्याचा इतिहास असेल तर हे फार महत्त्वाचे. श्वासाबरोबर शीर लहानमोठी होते का तेही बघा. टम्म आहे, पण श्वासाने जराही हलत नाही, तर खाली छातीत कुठेतरी अडथळा असू शकतो. मग दुसरी बाजू निवडा. त्याच वेळी कॅरोटिडही नीट बघा. भिंतीवर चुन्याचे पांढरे थर आणि त्यांच्या मागे काळी सावली दिसली तर त्या बाजूला बोटाने दाबून धमनी चाचपू नका. गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते, आणि कॅरोटिड सायनसवर दाब आला तर नाडी अचानक ३०-३५ वर येते. प्रोब गळ्यावर वरून खाली सरकवत नेऊन शीर आणि धमनी कुठे शेजारी-शेजारी आहेत आणि कुठे एकावर एक, ते शोधा. जिथे शेजारी असतील ती तुमची जागा, मग ती पुस्तकातल्या, गळ्याच्या स्नायूंमधल्या त्रिकोणात बसो वा न बसो.

शेवटी तोच प्रोब कॉलरबोनखाली ठेवून फुप्फुसाची सरक (श्वासाबरोबर फुप्फुस छातीच्या भिंतीला घसरताना दिसते ती) दोन्ही बाजूंना बघून ठेवा. आधी काय होते हे ठाऊक नसेल तर नंतरच्या तपासणीला अर्थ राहत नाही. दम्याच्या जुन्या रुग्णात, एम्फिसीमा (फुप्फुसे कायमची फुगलेली) असलेल्यात, फुप्फुसाचे टोक कॉलरबोनच्या वर गळ्यात आलेले असते. त्यांच्यात सुई गळ्याच्या अगदी खालच्या भागात नको.

पाठीला बाक असलेल्या माणसाला सपाट झोपवून डोके खाली करायचा हट्ट धरू नका. डोके हवेत लोंबकळते, मान मागे ताणली जाते, आणि ताणलेल्या मानेत शीर चपटी होते. डोक्याखाली घडी केलेली चादर किंवा उशी द्या, मान नैसर्गिक स्थितीत राहू द्या. डोके विरुद्ध बाजूला फार तर ३० अंश वळवा. जितके जास्त वळवाल तितकी शीर कॅरोटिडच्या वर येते. पाण्याची कमतरता असेल तर पलंग १० ते १५ अंश डोक्याकडे खाली करा, किंवा तेही सोसत नसेल तर पाय उचला. हृदय निकामी असलेल्या, आडवे झोपताच धाप लागणाऱ्या माणसाला हे काहीच करावे लागत नाही. त्याची शीर अर्धवट बसलेल्या स्थितीतही फुगलेली असते. मात्र तसे बसवून घातली तर हवा आत ओढली जाण्याचा धोका लक्षात ठेवून प्रत्येक टप्प्यावर हब (सुईचे मागचे उघडे तोंड) बोटाने बंद ठेवा. श्वास रोखून जोर लावायला सांगण्याची युक्ती एओर्टिक स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद झालेली) किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यात वापरू नका. त्याऐवजी तोंड मिटून 'हं' असा आवाज काढायला सांगितले तरी शीर थोडी भरते.

गुंगीचे औषध शक्यतो नकोच. या वयात मिडॅझोलमच्या एका मिलिग्रॅमनेही श्वास मंदावतो आणि रात्रभर भ्रम होतो. ड्रेपखाली अंधारात तोंड झाकले गेल्याने घाबरून माणसे हात वर करतात, ती भीती औषधाने जाण्याऐवजी वाढतेच. ड्रेपचा तंबू करा, चेहऱ्याच्या बाजूने उजेड ठेवा, कानातले यंत्र काढू नका, आणि एका सिस्टरला हात धरून बोलत राहायला सांगा. 'आजी, आता मुंगी चावल्यासारखं होईल' हे योग्य क्षणी कानाशी सांगितले की काम होते. लिग्नोकेन २ टक्के, किलोमागे ३ मिलिग्रॅम धरले तर ४२ किलोला १२६ मिलिग्रॅम, म्हणजे सहा मिलिलिटर ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात तीन-चार मिलिलिटर पुरते. ते टोचतानाच प्रोब लावून टोचा. बारीक सुईने टोक शोधायचा सराव तिथेच होऊन जातो.

मशीन रुग्णाच्या त्याच बाजूला, कमरेजवळ ठेवा, म्हणजे तुमचे डोळे, सुई आणि पडदा एका रेषेत येतात. मान वळवून पडदा बघावा लागला तर सुईचा हातही वळतो. प्रोबची खूण तुमच्या डाव्या हाताला आहे ना, ते कडेला बोट लावून पडद्यावर खात्री करा. त्वचेला अल्कोहोलमधले २ टक्के क्लोरहेक्झिडिन लावून पूर्ण सुकू द्या. स्टराइल आवरणात जेल घालताना हवेचे बुडबुडे राहिले तर पडद्यावर काळे पट्टे येतात, आवरण प्रोबच्या तोंडावर ताणून रबराने बांधा. आणि प्रोबचा हात रुग्णाच्या छातीवर किंवा जबड्यावर टेकवा. प्रोबचे नुसते वजन टाकले तरी या शिरा मिटतात. पडद्यावर शीर सापडत नाही असे वाटले की पहिल्यांदा हात हलका करून बघा.

आता सुई. शिरेचा मध्य १.२ सेंटीमीटर खोल असेल तर प्रोबपासून १.२ सेंटीमीटर मागे, ४५ अंशात टोचा. मग सुईचा मार्ग सुमारे १.७ सेंटीमीटरचा होतो. हा आकडा मनात असू द्या. अडीच सेंटीमीटर सुई आत गेली आणि रक्त आले नाही तर ती पुढे न्यायची नाही, कुठेतरी चुकले आहे. टोक शोधायची रीत अशी: सुई दोन-तीन मिलिमीटर पुढे न्या, ठिपका दिसला की सुई थांबवा. प्रोब रुग्णाच्या पायाकडे किंचित सरकवा किंवा झुकवा, जोवर ठिपका नाहीसा होत नाही. नाहीसा झाला म्हणजे आता कापाच्या जरा अलीकडे टोक आहे. पुन्हा सुई पुढे, ठिपका परत उगवतो, तेच टोक. असे पायऱ्या-पायऱ्यांनी शिरेपर्यंत आणि शिरेच्या आतही दोन-तीन पायऱ्या जा. प्रोब आणि सुई एकाच वेळी हलवायची नाही.

शिरेच्या पुढच्या भिंतीवर टोक टेकले की भिंत आत दबते, शीर बदामासारखी दिसते. इथे हळू ढकलत राहिलात तर पुढची भिंत मागच्या भिंतीला लावून दोन्ही एकदम भेदल्या जातात. मनगटाचा छोटासा, तीन-चार मिलिमीटरचा झटका द्या आणि लगेच थांबा. भिंत उसळून पूर्ववत गोल होते आणि टोक आत पांढरे दिसते. सैल, सुरकुतलेल्या त्वचेत सुईबरोबर त्वचाही ओढली जाते, म्हणून टोचण्याआधी सहायकाला त्वचा ताणून धरायला सांगा. सुई शिरेच्या रेषेत लांबीला दाखवणारा लाँग अ‍ॅक्सिस तत्त्वतः चांगला, पण आखूड, बाकदार मानेत प्रोब लांबीला बसत नाही आणि जरा घसरला की शिरेऐवजी शेजारची कॅरोटिड दिसू लागते. म्हणून मी शॉर्ट अ‍ॅक्सिसने आत जाऊन लाँगने खात्री करणे सुचवेन.

रक्त आले की बहुतेक जण प्रोब ट्रेमध्ये ठेवतात. माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी सवय ती. वयस्कर रुग्णात गंभीर इजा सुईने कमी आणि त्यानंतर डायलेटरने (वाट रुंद करायची जाड नळी) जास्त होते. रक्ताच्या रंगावर आणि उडण्यावर विश्वास नको, शॉकमध्ये आणि ऑक्सिजन कमी असताना धमनीचे रक्तही काळपट, संथ येते. गाइडवायर (जिच्यावरून कॅथेटर आत सरकवतात ती तार) घातली की पुन्हा प्रोब ठेवा. आडव्या कापात वायर शिरेच्या आत ठिपक्यासारखी, लांबीच्या कापात रेघेसारखी दिसली पाहिजे. ती रेघ पुढच्या भिंतीतून आत येते आणि मागच्या भिंतीतून बाहेर जात नाही, हे नजरेने बघा. मग प्रोब कॉलरबोनच्या वर ठेवून छातीच्या दिशेने झुकवून वायर ब्रॅकिओसेफॅलिक व्हेनकडे (छातीतली पुढची मोठी शीर) जाताना मिळते का पाहा. तरीही शंका असेल तर वायरवरून छोटा कॅन्युला घालून नळीत रक्ताचा स्तंभ धरा. शिरेतला स्तंभ खाली उतरतो आणि श्वासाबरोबर हलतो, धमनीतला वर चढतो.

वायर त्वचेपासून १८ ते २० सेंटीमीटरच्या पुढे नको. बऱ्याच किटमधल्या वायरवर १० सेंटीमीटरला एक आणि २० ला दोन रेघा असतात, त्या वाचा. वायर उजव्या व्हेंट्रिकलपर्यंत गेली की एक्टॉपिक (हृदयाचे अवेळी ठोके) येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ईसीजीत आधीपासून लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (एलबीबीबी, हृदयातली डावी विद्युतवाट बंद) असलेल्या म्हाताऱ्या माणसात वायर हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला घासून उजवे बंडलही काही काळ बंद पडते, आणि संपूर्ण हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे वरच्या कप्प्यांचे संदेश खाली पोचत नाहीत. म्हणून लाइनआधी ईसीजी बघायचा, एलबीबीबी असेल तर पेसिंग पॅड लावून ठेवायचे आणि वायर १५-१६ वर थांबवायची. पेसमेकर असेल तर दुसरी बाजू निवडा. तो बसवून काही आठवडेच झाले असतील तर लीड (त्याची तार) हलू शकते, अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय छातीतल्या शिरांत वायर नको. इन्फिरिअर व्हेना कॅव्हात (पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर) गुठळ्या अडवणारा फिल्टर बसवलेला असेल तर मांडीतून किंवा गळ्यातून जास्त आत नेलेली, ‘J’ आकाराच्या टोकाची वायर त्यात अडकते. ओढून काढायचा प्रयत्न करू नये.

डायलेटरचे काम त्वचा आणि त्याखालचा थर मोकळा करणे. शीर सव्वा सेंटीमीटरवर आहे आणि डायलेटर दहा सेंटीमीटरचा. तो मुठीपर्यंत आत घालायचे काही कारण नाही, तीन-चार सेंटीमीटर पुष्कळ. वायर थोडी मागेपुढे सहज सरकते आहे याची खात्री करत करत, वायरच्याच दिशेने फिरवत घाला. वायर अडली म्हणजे ती वाकली आहे, आणि वाकलेल्या वायरवर डायलेटर ढकलला की तो स्वतःची वाट काढतो. डाव्या बाजूने तर ब्रॅकिओसेफॅलिक व्हेन आडवी वळते, तिथे खोल गेलेला डायलेटर भिंत फाडून छातीत रक्त सोडतो. म्हाताऱ्या, पातळ झालेल्या भिंती फार सहन करत नाहीत. उजवी बाजू पहिली निवड असण्याचे हे मोठे कारण.

कॅथेटर ७ फ्रेंच (जाडीचे माप), तीन लुमेनचा (आतून तीन नळ्यांचा) नेहमीचा. उजव्या आयजेव्हीसाठी सेंटीमीटरमधली उंची भागिले दहा, ही कमाल खोली समजा. १४५ सेंटीमीटरच्या आजींना १४ च्या आसपास. बाकामुळे मोजलेली उंची फसवी वाटली तर कॅथेटर ड्रेपवर ठेवून टोचल्याच्या जागेपासून छातीच्या हाडावरच्या दुसऱ्या फासळीच्या उंचवट्यापर्यंत मोजा. बसवून झाल्यावर १० मिलिलिटर सलाइन जोराने द्या आणि हृदयावर प्रोब ठेवून उजव्या कप्प्यात बुडबुडे येतात का बघा. दोन सेकंदांत आले तर टोक जागेवर असण्याची शक्यता उत्तम. फुप्फुसाची सरक पुन्हा तपासा. एक्स-रे तरीही काढा. टोक कॅरिनाच्या (श्वासनलिका दुभंगते ती जागा) पातळीजवळ, शिरेच्या भिंतीला समांतर हवे. भिंतीवर काटकोनात टेकलेले टोक काही दिवसांत भिंत पोखरते.

क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिनसाठी लाइन थांबवायची गरज नाही, प्लेटलेटही द्यायच्या नाहीत. प्लेटलेटचा आकडाच कमी असेल तेव्हा गोष्ट वेगळी. २०२३ च्या पेसर अभ्यासात १०,००० ते ५०,००० प्लेटलेट असलेल्यांना अल्ट्रासाउंडखाली लाइन घातली. आधी प्लेटलेट न दिलेल्यांत लक्षणीय रक्तस्राव ११.९ टक्क्यांना झाला, दिलेल्यांत ४.८ टक्क्यांना. म्हणजे मशीन आहे म्हणून आकड्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. वॉरफरिन घेणाऱ्यात, रक्त न थांबणाऱ्यात दाबता येईल अशी जागा निवडा, कॉलरबोनखालची (सबक्लेव्हियन) नको. एरवी त्या जागेला संसर्ग कमी होतो, हे २०१५ च्या थ्रीसाइट्स अभ्यासात दिसले. पण ट्यूब घालावी लागेल असा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साचणे) तिथे १.५ टक्के होता, गळ्यात ०.५ टक्के. तो अभ्यास सर्व वयांच्या प्रौढांचा होता. एम्फिसीमा असलेल्या सत्तरीपुढच्या माणसात एक न्यूमोथोरॅक्सही जीवघेणा ठरू शकतो. किडनीचा जुना आजार असेल तर सबक्लेव्हियन व्हेनला हातच लावू नका, पुढे फिस्टुलाचा (डायलिसिससाठी जोडलेली शीर आणि धमनी) हात वाया जातो.

मांडीत जाताना दोन गोष्टी सांभाळा. पाय बाहेर वळवून थोडा फाकवला की शीर धमनीच्या मागून बाहेर येते, पण खुब्याचा संधिवात किंवा बदललेला सांधा असेल तर ओढाताण करू नका, प्रोब आणखी वर सरकवा. आणि टोचायचे नेहमी इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतला आडवा पट्टा) खाली. वर टोचले तर रक्त पोटामागे साचते, बाहेर काहीच दिसत नाही आणि सकाळी हिमोग्लोबिन तीन ग्रॅमने उतरलेले असते. डायपर असेल तर ड्रेसिंग ओले होते, ते दर पाळीला तपासायला सिस्टरांना सांगून ठेवा.

कॅथेटरच जर धमनीत गेला असेल तर काढायचा नाही. बारीक सुई गेली तर काढून दहा मिनिटे दाबणे ठीक. सात फ्रेंचचे भोक कॅरोटिडमध्ये असताना 'काढा आणि दाबा' केले तर गळ्यात रक्त साचते किंवा पक्षाघात होतो. तो जागेवर ठेवा, त्यातून काहीही देऊ नका, व्हॅस्क्युलर सर्जनना बोलवा.

कागदासारख्या त्वचेत टाके कापत जातात आणि चिकटपट्टी काढताना साल निघते. टाका मोठा, सैल घ्या, किंवा टाक्याशिवायचे क्लॅम्प वापरा, चिकटपट्टीखाली बॅरिअर फिल्म लावा. भ्रमात हात गळ्याकडे जातात, म्हणून नळ्या कानामागून खांद्यावर, नजरेआड न्या. हात बांधण्यापेक्षा हे बरे.

आपल्याकडचा एक मुद्दा. आयसीयूतले मशीन फक्त लाइनसाठी असले तरी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली त्याची नोंदणी असावी, आणि वापरणाऱ्यांत तुमचे नाव असावे. नोंदणीच्या जागेबाहेर ते न्यायचे नाही. प्रोबपायी मशीन सील झाले तर पुढच्या आजींना पुन्हा अंदाजाने टोचावे लागेल.

लाइन काढताना रुग्णाला सपाट झोपवा, किंवा बाकामुळे जमत नसेल तर शक्य तितके आडवे करा. बोलता येत असेल तर श्वास सोडता सोडता ओढा, लगेच दाबा, पाच मिनिटे. क्लोपिडोग्रेलवर दहा. वर हवा न जाणारे ड्रेसिंग २४ तास. खुर्चीत बसवून, चहा पिता पिता लाइन ओढली आणि हवा आत गेली, तर जे होते ते पहिल्या मिनिटात होते. काढल्यावर अर्धा तास आडवेच राहू द्या.